दोन नद्यांमधला माग

नागपूरच्या इतवारीत आजही पत्ता धंद्याच्या नावाने सांगतात. भांडे ओळ, लोहा ओळ, सराफा ओळ, रेशीम ओळ. तिकडे महालाच्या बाजूला चितार ओळ. एका धंद्याच्या माणसांनी एका ओळीत घरे बांधली, पुढच्या खोलीत दुकान नाहीतर काम, मागे चूल, आणि त्या ओळीला धंद्याचे नाव पडले. भांडे ओळीत अजून भांडी मिळतात, सराफ्यात अजून सोने मिळते. पण रेशीम ओळीतले रेशीम ज्या हातांत जायचे, त्या कोष्ट्यांच्या मागांचा आवाज आता शहरात मुद्दाम शोधायला जावे लागते. दीडशे वर्षांपूर्वी या शहराची ओळख संत्र्याने होत नव्हती, रेशीमकाठी कापडाने होत होती. ती ओळख कशी घडली आणि कशी पुसली गेली, हे नागपूरकरांनाही धड ठाऊक नाही. विचारले की एकच उत्तर येते: गिरणी आली आणि हातमाग मेला. शाळेच्या पुस्तकातून डोक्यात बसलेले हे उत्तर नागपूरपुरते तरी खरे नाही.

आधी जागा समजून घेऊ. जुने नागपूर दोन नद्यांच्या बेचक्यात वसले आहे. दक्षिणेकडून नाग नदी वाहते. ती पश्चिमेच्या लाव्याच्या टेकड्यांकडून निघते, अंबाझरीवरून शहरात शिरते आणि महाल, जुनी शुक्रवारी यांच्या कडेने पूर्वेला जाते. उत्तरेकडून गोरेवाड्याच्या बाजूची पिवळी नदी येते. दोन्ही पूर्वेला मिळून कन्हानला जातात. या दोन पाण्यांच्या मधल्या पट्ट्यात, तलावांच्या आजूबाजूला कारागिरांच्या वस्त्या पसरल्या. शुक्रवारी तलाव, नाईक तलाव, लेंडी तलाव ही नावे आज ऐकली की अतिक्रमण आणि जलपर्णी आठवते, पण सूत रंगवायचे, धुवायचे आणि खळ द्यायची तर हाताशी पाणी हवेच. बस्तरवारी, तांडापेठ, पाचपावली, नाईक तलावाचा परिसर, गोळीबार चौक, मोमीनपुरा अशा नावांनी ही विणकरांची पट्टी ओळखली जाते. नाग नदीच्या काठाला भोसल्यांचे वाडे, बागा आणि जुन्या शुक्रवारीतल्या छत्र्या. त्यांच्या उत्तरेला आणि पूर्वेला त्यांचे कापड विणणारे लोक. राजा आणि कारागीर यांच्यातले अंतर पायी अर्ध्या तासाचे होते.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ मध्ये बारा खेडी एकत्र करून हे शहर वसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने तटबंदी उभारली, जुम्मा तलाव बांधला. आजचे गांधी गेट म्हणजे त्या तटाचा जुम्मा दरवाजा. गोंडांच्या घरात वारसाहक्काचे भांडण लागले, ते मिटवायला रघुजी भोसले आले, आणि १७४३ च्या सुमारास त्यांनी नागपूरच आपली राजधानी केली. पुढच्या शंभर वर्षांत बंगाल-ओडिशापर्यंत स्वाऱ्या करणाऱ्या या दरबाराभोवती सैन्य, मानकरी, ब्राह्मण कारभारी आणि सावकार गोळा झाले. या सगळ्यांना कापड लागत होते, आणि साधे नव्हे तर प्रतिष्ठेचे. पगडी, उपरणे, रेशीमकाठी धोतर, नऊवारी लुगडे. कोष्टी नागपुरात वाढले ते या मागणीवर. नागपूर आणि उमरेड ही दोन गावे बारीक सुताच्या रेशीमकाठी कापडासाठी नावाजली. इथले धोतरजोड आणि लुगडी पुणे, नाशिक, पंढरपूरपर्यंत जात. पेशव्यांच्या पुण्यात नागपुरी धोतर नेसणे ही ऐपतीची खूण होती.

हे कापड काय होते? अंगाला सुती, काठाला रेशीम. आजच्या साडीच्या दुकानात काठ म्हणजे नक्षीचा एक पट्टा समजला जातो. विणकराच्या हिशेबात काठ म्हणजे वेगळे कापडच असते. त्याचा ताणा वेगळा, बाणा वेगळा, आणि अंगाच्या सुताला आणि काठाच्या रेशमाला विणतानाच एकमेकांत अडकवावे लागते. त्यासाठी तीन धोटे चालवतात: मधल्या अंगाचा एक आणि दोन काठांचे दोन. अंगाचा धोटा काठापाशी येऊन थांबतो, काठाचा धोटा तिथे येऊन त्याच्या धाग्याला धरतो आणि परत फिरतो. दर ओळीला, दोन्ही बाजूंना हे असे. त्यामुळे काठात अंगाचा रंग मिसळत नाही. लाल काठ दोन्ही बाजूंनी सारखाच लाल दिसतो. विदर्भात आज करवती काठाची साडी म्हणून जी ओळखली जाते, करवतीच्या दात्यांसारखी टोके असलेली, अंग टसरचे आणि काठ सुताचा, ती याच तीन धोट्यांच्या कुळातली. रेशीम आणि सूत यांनी तिच्यात फक्त जागा बदलल्या.

काठासाठी कलाबतू, म्हणजे जरीचा धागा, लागायचा तो बऱ्हाणपूरकडून येई. लाल रंग आलाच्या मुळ्यांपासून निघत असे. आल ही इतकी मोलाची शेती होती की ती करणाऱ्यांची आलकरी नावाची जातच होती. निळा रंग अर्थात नीळ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीतून रासायनिक रंगाच्या पुड्या आल्या आणि आलाची शेती काही दशकांत पार संपली. नागपूरच्या लुगड्याच्या इतिहासात हा बदल सहसा कोणी नोंदवत नाही, पण बाहेरच्या कारखान्याचा हा घाव बसला तो विणकरावर नव्हे, रंगाऱ्यावर आणि आलकऱ्यावर.

आता वस्तीच्या आत शिरू. कोष्ट्याचे घर मागाभोवती बांधलेले असे. जमिनीत खड्डा, खड्ड्याच्या काठावर विणकर बसलेला, पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर. खड्डामाग गरिबीची सोय म्हणून आला असे समजू नये. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हवा इतकी कोरडी होते की बारीक सूत हात लावता तुटते. जमिनीच्या पोटात, ओलाव्याजवळ ताणा ठेवला की धागा नरम राहतो. दारे-खिडक्या लहान ठेवायच्या, जमीन शेणाने सारवलेली, दुपारी पाणी शिंपडायचे. बाहेरून आलेल्या साहेबांना ही घरे अंधारी आणि कोंदट वाटत, आणि ती तशी होतीही. विणकराच्या फुप्फुसांनी आणि डोळ्यांनी त्याची किंमत मोजली. पण त्या अंधारामागे कारण होते. पावसाळ्यात उलटे व्हायचे. दोन नद्या आणि तीन तलावांच्या मधली ही सखल जमीन. पाणी वर आले की मागाचा खड्डा भरायचा आणि काम बंद पडायचे. पोळा ते दिवाळी हा सणांचा, म्हणजे विक्रीचा हंगाम, आणि त्याच्या आधीचे दोन महिने खड्ड्यात पाणी. विणकर सावकाराच्या दारात का गेला, याचे निम्मे उत्तर या भिजलेल्या खड्ड्यात आहे.

माग चालण्याआधीचे काम मागापेक्षा मोठे असते. सूत उकलायचे, रहाटावर कांड्या भरायच्या, ताणा लावायचा, त्याला खळ द्यायची. खळ देण्याचे हे काम, म्हणजे पांजणी, घरात होत नाही. तिला लांब मोकळी जागा लागते. म्हणून विणकरांच्या गल्ल्या लांब आणि सरळ. पहाटे ऊन चढायच्या आत सगळा ताणा गल्लीभर पसरायचा, तांदळाच्या नाहीतर ज्वारीच्या पिठाची खळ कुंच्याने एकाच दिशेने फिरवत सुकवायची. वाऱ्याने धागे चिकटले तर सगळे वाया. हे एका घराचे काम नव्हते. शेजारच्या चार घरांची माणसे हात लावत. आज माझ्या ताण्याला तू, उद्या तुझ्या ताण्याला मी. वस्ती का टिकली, एकाच जातीची माणसे एकाच ओळीत का राहिली, हे समजायला जातीचे नियम सांगून भागत नाही. पांजणीही सांगावी लागते. एकट्या विणकराला शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन माग लावता येत नव्हता.

आणि या सगळ्यात बायकांचे काम किती! कांड्या भरणे, सूत उकलणे, तुटलेला धागा जोडणे, खळ शिजवणे, ताण्याला हात लावणे. एका मागामागे घरातली दोन-तीन माणसे दिवसभर गुंतलेली असत आणि त्यांतल्या निदान एकीचे नाव कुठल्याच हिशेबात नसे. सावकार लुगड्याची मजुरी पुरुषाच्या हातात ठेवी. सरकारी मोजणीत ‘विणकर’ म्हणून पुरुषाची नोंद होई आणि बायको ‘मदतनीस’. या वस्तीचा इतिहास लिहिणाऱ्याने ही चूक पुन्हा करू नये. नागपुरी लुगडे दोघांनी मिळून विणले आहे, आणि ते नेसणारीही बहुतेक तिसरी बाईच होती.

वस्ती एकाच जातीची होती असेही नाही. हलबा कोष्टी ही इथली मोठी जमात. आपले मूळ बस्तरकडचे, आणि दंतेश्वरी ही आपली देवी, असे ते सांगतात. बस्तरवारी हे वस्तीचे नावही तेच सांगते. त्यांच्याबरोबर कोष्ट्यांच्या इतर शाखा होत्या, तेलुगू मुलखातून आलेले साळेवार आणि पद्मशाली होते. मोमीनपुऱ्यात मुसलमान मोमीन विणकर. त्यांतली अनेक घराणी १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानातून इकडे आणि कामठीला आली. जाडेभरडे, कष्टकऱ्याच्या अंगावरचे कापड महार विणकर विणत. रेशीमकाठाचा मान कोष्ट्यांकडे आणि जाडे कापड महारांकडे, ही उतरंड कापडातही होती. गिरण्यांच्या कापडाचा पहिला आणि सगळ्यांत मोठा फटका याच जाड्या कापडाला बसला. महार विणकर मोठ्या संख्येने गिरणी कामगार झाले, आणि पुढे नागपूरच्या दलित चळवळीला जे शहरी, संघटित बळ मिळाले त्याची एक मुळी या मोडलेल्या मागांत आहे.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी वारले. डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. वाड्यातले जडजवाहीर लिलावात निघाले. दहा वर्षांनी, १८६४ मध्ये, काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकडी खांबांचा तो वाडाच जळाला. नगारखाना तेवढा वाचला. दरबारी गिऱ्हाईक गेले, मानकरी पेन्शनवर आले, पगड्यांची मागणी ओसरली. कारागिरांची वस्ती इथेच संपायला हवी होती. तशी ती संपली नाही. १८६५ च्या डिसेंबरात चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी नागपुरात मोठे प्रदर्शन भरवले. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. रेल्वेतून मँचेस्टरचे कापड आले हे सगळे सांगतात; त्याच रेल्वेतून मँचेस्टरचे आणि मुंबईचे बारीक सूत आले आणि नागपूरचे लुगडे मुंबईला स्वस्तात जाऊ लागले, हे कमी सांगितले जाते. दरबाराची जागा मराठी मध्यमवर्गाने आणि सधन कुणब्याने घेतली. लग्नात मुलीला नागपुरी काठाचे लुगडे द्यायचे, ही रीत राजाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती.

मग एम्प्रेस मिल. जमशेदजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडले, कारण कापूस इथे होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि रेल्वे आली होती. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन त्यांनी घेतली. नागपूरच्या एका सावकाराने भांडवल द्यायला नकार देताना हा माणूस मातीत सोने ओततो आहे असे म्हटले, आणि पुढे आपलेच शब्द मागे घेतले, ही गोष्ट टाटांच्या चरित्रांत येते. १ जानेवारी १८७७, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले त्या दिवशी गिरणी सुरू झाली. नाव तिथूनच पडले. बेझनजी दादाभाई मेहता हे तिचे व्यवस्थापक. पुढे या गिरणीने कामगारांना पेन्शन आणि प्रॉव्हिडंट फंड दिला, तोही देशात असल्या योजना फारशा कोणाला ठाऊक नव्हत्या तेव्हा. पण सुरुवातीला मेहतांची सगळ्यांत मोठी डोकेदुखी ही होती की माणसे कामावर टिकत नसत. बारीक काठ विणणारा कोष्टी भोंग्याच्या हुकमाला सहजी तयार होईना. घरच्या मागावर तो कमी कमवत असेल, पण वेळ त्याचा होता आणि काठ त्याचा होता.

तुलनेला एक परदेशी उदाहरण घेऊ. रशियात तुला नावाचे शहर आहे. तिथे उपा नदीपलीकडे बंदुका घडवणाऱ्या लोहारांची जुनी वस्ती होती. १७१२ मध्ये झार पीटरच्या हुकमाने तिथे सरकारी शस्त्रकारखाना उभा राहिला आणि त्या कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या कारखान्याच्या चाकरीत गेली. नागपुरात तसे झाले नाही. इथे कारखाना आला आणि वस्ती त्याच्या शेजारीच उभी राहिली. गिरणीला जे कापड जमत होते, जाडे, सपाट, लांबच लांब एकसारखे, ते तिने घेतले. तीन धोट्यांचा काठ गिरणीच्या मागावर परवडत नव्हता. उलट गिरणीचे सूत कोष्ट्याला हाताशी मिळू लागले. सूत कातणाऱ्या बायकांचे काम गेले, हे नुकसान खरे आणि मोठे. पण विणणाऱ्याला आतापर्यंत न मिळालेले एकसारखे सूत मिळाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत झटक्याचा धोटा आला, दोरी ओढली की धोटा आपोआप पलीकडे जाणारा, आणि त्याच्या पाठोपाठ काठाची नक्षी विणायला मदत करणारी डॉबी आली. कोष्ट्यांनी ही यंत्रे घेतली. हा धंदा जुनाट हातांत अडकून पडला होता, हेही मग खरे राहत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत विणकरांची उपासमार झाली ती गिरणीमुळे नव्हे, शेतकऱ्याकडे लुगडे घ्यायला पैसा उरला नाही म्हणून. शेत आणि माग एकाच पावसावर चालत.

ही वस्ती राजकारणातही मागे नव्हती. १९२३ चा झेंडा सत्याग्रह नागपुरात झाला. १९४२ च्या आंदोलनात इतवारी-महालाचे रस्ते पेटले. हलबा समाजातला कोवळा तरुण शंकर महाले याला १९ जानेवारी १९४३ रोजी नागपूरच्या तुरुंगात फाशी दिले. स्वातंत्र्यानंतर याच घरांनी हक्काने सरकारकडे पाहिले, यात नवल नाही.

आणि इथे मला सगळ्यांत जास्त वाईट वाटते. दरबार बुडाला, मँचेस्टर आले, गिरणी आली, दोन दुष्काळ आले, तरी माग चालू राहिले. ते थांबले आपल्याच राज्यात. एक कारण यंत्रमाग. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांनी साडीचा भाव पाडला, मग सुरतेच्या कृत्रिम धाग्याच्या साडीने तो पार जमिनीला लावला. दुसरे कारण बायकांच्या नेसण्यातले. नऊवारी गेली, पाचवारी आली. नागपुरी लुगड्याची सगळी घडण, त्याची लांबी, काठाची रुंदी, पदराची रीत, नऊवारीसाठी होती. आजीच्या पिढीबरोबर गिऱ्हाईक संपत गेले. बायकांनी सोयीचे नेसले, त्यात त्यांचा दोष काय? पण विणकराला नव्या लांबीचा, नव्या वजनाचा, नव्या रंगांचा माल काढायला मदत करणारे कोणी वेळेवर हवे होते.

ती मदत जी आली ती उलटी फिरली. १९७१ मध्ये महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ स्थापन झाले, मुख्यालय नागपुरातच. हेतू चांगला होता: सूत द्यायचे, मजुरी द्यायची, माल विकत घ्यायचा, सावकार मधून काढायचा. १९७६ मध्ये केंद्राची जनता कापड योजना आली. गरिबांसाठी अनुदानाचे स्वस्त धोतर आणि साडी हातमागावर विणायची. हजारो हातांना काम मिळाले हे नाकारता येणार नाही. त्या वर्षांत या वस्तीत चुली पेटल्या त्या जनता साडीवर. पण तीन धोट्यांचा काठ विणणाऱ्या हातांना जाड्या सुताची, सपाट, ठराविक मापाची साडी विणायला लावली. ज्या कापडात गिरणीशी आणि यंत्रमागाशी झुंज देणे अशक्य होते नेमके तेच हातमागाला दिले, आणि ज्यात त्याला कोणी हरवू शकत नव्हते ते त्याने वीस वर्षांत विसरावे अशी व्यवस्था झाली. बापाने जनता साडी विणली, मुलाला काठ शिकवायचे कारणच उरले नाही. नव्वदच्या दशकात अनुदान बंद झाले तेव्हा हातात ना बाजार होता ना कसब. हातमागासाठी काही कापडे राखून ठेवणारा कायदा १९८५ मध्ये झाला, पण न्यायालयीन लढाईत १९९३ पर्यंत तो कागदावरच राहिला. तोवर नागपूरच्या गल्ल्यांत खड्डे बुजवून वर फरशी बसवली गेली होती.

माग गेला तशी माणसे नोकरीकडे आणि शिक्षणाकडे वळली, आणि हलबा कोष्टी हे हलबा या अनुसूचित जमातीत येतात की नाही, हा प्रश्न रस्त्यावर आणि कोर्टात आला. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते त्या जमातीत येत नाहीत असा निकाल दिला. समाज अजून या निकालाविरुद्ध आंदोलने करतो. त्या वादाची बाजू इथे मांडत नाही. पण कारागिरी पोटाला पुरत असती तर दाखल्याचा एवढा आकांत झाला असता का, हा प्रश्न मनातून जात नाही.

एम्प्रेस मिलचे काय झाले? १९८६ मध्ये ती टाटांच्या हातून राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली. तिच्या जागेवर आज एम्प्रेस मॉल आहे. हातमाग मारला असे जिच्याबद्दल म्हणतात ती गिरणीच आधी संपली, आणि नागपूर-भंडारा पट्ट्यात थोडे का होईना, हातमाग अजून चालू आहेत.

चितार ओळीकडे एकदा वळायलाच हवे, कारण तिथे दुसरेच घडले. भोसल्यांच्या काळापासून चितारी आणि मूर्तिकार इथे राहतात. पोळ्याच्या आधी लाकडी बैल, मग गणपती, हडपक्या गणपती, दुर्गा, लक्ष्मी असे त्यांचे वर्ष फिरते. तान्हा पोळा दुसऱ्या रघुजींनी १८०६ मध्ये सुरू केला असे मानतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीची प्रथा १८८० च्या दशकातली आहे, आणि बांबू-कागदाचे ते उंच पुतळे याच जुन्या वस्त्यांतले हात घडवतात. ही ओळ का जगली? मूर्ती दरवर्षी विसर्जित होते आणि दरवर्षी नवी लागते. नागपूरचा सण नागपूरच्या बाहेर भरवता येत नाही. पीओपीच्या बाहेरून आलेल्या स्वस्त मूर्तींनी या ओळीलाही ओरबाडले, पण मातीच्या मूर्तीचा आग्रह धरणारे गिऱ्हाईक शहरातच तयार झाले आणि त्याने या घरांना धरून ठेवले. विणकराला असे गिऱ्हाईक शहराने दिले नाही. फरक एवढाच आहे आणि तो मोठा आहे.

नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे १,९२७ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर आहे. नदी स्वच्छ व्हायलाच हवी. आज तिच्या काठावर नाकाला रुमाल लावल्याशिवाय उभे राहता येत नाही. पण नदीकाठ सुशोभित करताना दिवे, बाक आणि पदपथ यांच्यावरच सगळे थांबणार असेल तर शहराने आपला इतिहास अर्धाच धुतला. नाईक तलाव ते बस्तरवारी या पट्ट्यातली एक तरी जुनी विणकर गल्ली जशी होती तशी राखावी: दोन-चार खड्डामाग, चालू स्थितीत, पगारी विणकरांसह, पांजणीसाठी मोकळी ठेवलेली गल्ली. आणि अजबबंगल्यात, १८६३ पासूनच्या या मध्यवर्ती संग्रहालयात, नागपुरी लुगड्यासाठी स्वतंत्र दालन असावे, ज्यात ते विणणाऱ्या बायकांचीही नोंद असेल. नागपुरातल्या विणकर सेवा केंद्रात नमुने करणारी आणि शिकवणारी माणसे आहेत; तीन धोट्यांचा काठ येणारे वयस्क कारागीर विदर्भात अजून आहेत. त्यांच्या हाताखाली वीस मुले-मुली बसवणे हे महापालिकेला किंवा विद्यापीठाला न झेपणारे काम नाही. वाट पाहण्याइतका वेळ मात्र त्या कारागिरांच्या वयाने ठेवलेला नाही.

राहिले आपण, घेणारे. लग्नासाठी करवती काठाची साडी घ्यायला जाल तेव्हा ती उलटून बघा. हाताने विणलेल्या काठाची उलटी बाजू सुलटीइतकीच स्वच्छ असते, तिथे कापलेल्या धाग्यांची झालर नसते. काठात अंगाचा रंग डोकावत नाही. कडेला कापड ताणून धरणाऱ्या काडीच्या टाचणीची बारीक भोके दिसतात. ती खोट नव्हे, हाताची खूण आहे. २००६ पासून मिळणारे हातमाग चिन्ह लावले आहे का ते विचारा, आणि साडी कुठल्या गावात विणली तेही विचारा. दुकानदाराला सांगता आले नाही तर पुढच्या दुकानात जा. भाव यंत्रमागाच्या साडीच्या कितीतरी पट असेल. घासाघीस करू नका.